कॅमेऱ्याचं कपाळ

सत्यवतीबाईंच्या क्लासात पहिल्या दिवशी ज्यानं मोबाइल वर केला त्याचं काही खरं नसे. "ठेव तो खाली! फोटो काढायच्या आधी पाहाले शिक!" असं बाई एवढ्या जोरात ओरडत, की खालच्या चहाच्या दुकानातली गिऱ्हाइकं माना वर करून पाहत. अमरावतीत राजापेठेच्या एका गल्लीत, त्या दुकानाच्या माडीवर बाईंचा स्टुडिओ. साठी उलटून गेलेली, चष्मा कायम डोक्यावर, आणि तोंड असं फटकळ की ऐकणाऱ्याचा कान तापावा. तरी पोरं जागा मिळवायला धडपडत. कारण डिजिटल शिकवणारे गल्लोगल्ली झाले होते, पण रोल भरण्यापासून कागदावर फोटो उमटेपर्यंतचं सगळं हातानं शिकवणारं बाईंशिवाय आसपास कोणी उरलं नव्हतं.

रागिणी तिथं आली ती बडनेऱ्याच्या मावशीच्या भरवशावर. मावशीकडं राहायचं आणि रोज शहर बसनं राजापेठेत यायचं. गाव तिचं पातूरजवळ, घर माळ्याचं. बारा महिने वांगी, संभार म्हणजे कोथिंबीर, पालक आणि दसरा-दिवाळीला झेंडू. फुलांची टोपली उचलणारे हात कॅमेरा धरायला लागले तेव्हा आधी थरथर कापायचे. फोटो हलायचे. बाई म्हणायच्या, "कोपर पोटाशी घे व, पोट्टे! पाटी उचलतानी कसं धरतं? तसं." आणि खरंच, पाटी आठवली की हात स्थिर व्हायचा.

पहिले काही आठवडे डिजिटल. शटर कधी झटकन मिटायचं, कधी सावकाश. भिंग किती उघडायचं. उजेड कमी असला तर काय वाढवायचं आणि वाढवलं तर फोटोत रव्यासारखे दाणे कसे दिसतात. रागिणी चुकायची, मागच्या पडद्यावर पाहायची, पुन्हा काढायची. बाई म्हणायच्या, "हे मशीन मायाळू आहे. चुकलं की लगेच सांगते. रोलवाला सांगत नाही, तो मनात ठेवते."

मग एक दिवस बाईंनी सगळ्यांना मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तांबडा दिवा, तीन ट्रे, आंबूस वास. पोरं नाक मुरडत उभी. बाईंनी एक कोरा कागद औषधाच्या पाण्यात बुडवला आणि ट्रे हळूहळू हलवत राहिल्या. काही नाही, काही नाही, आणि एकदम त्या कोऱ्या कागदात केसांची बट दिसायला लागली. मग डोळे. मग भुवया, ओठ. शेवटी गाल आणि पदर. कोणीतरी पाण्यातून वर यावं तसं एक माणूस त्या कागदात आलं.

"माय व!" रागिणीच्या तोंडून निघून गेलं.

"पाह्यलं?" बाई म्हणाल्या. "काळं असते ते पयले येते. गोऱ्याले वेळ लागते."

सगळी पोरं हसली. रागिणी हसली नाही, तिच्या अंगावर काटा आला होता. शाळेत, कॉलेजात, कशात म्हणून तिचं मन असं अडकलं नव्हतं. हेच करायचं, आयुष्यभर हेच, असं तिनं तिथंच त्या तांबड्या उजेडात ठरवून टाकलं. आणि बाईंकडं पाहून तिला वाटलं, काय बाई आहे ही! जगानं ही खोली बंद केली, हिनं उघडी ठेवली.

पण नुसतं ठरवून काय होतं? बाईंनी जाहीर केलं होतं की दिवाळीनंतर त्या फक्त एकाला हाताखाली घेणार. अंधाऱ्या खोलीतलं सगळं त्याला शिकवणार आणि पुढं स्टुडिओही त्याच्याच हाती देणार. त्यासाठी परीक्षा अशी: प्रत्येकाला एक काळापांढरा रोल, विषय आपल्या घरचं काम, आणि त्यातून हातानं केलेला एकच फोटो वसुबारसेपर्यंत आणून द्यायचा. क्लासात स्वप्निल नावाचा एक मुलगा होता, बापाचं कपड्याचं दुकान, स्वतःचा महागडा डिजिटल कॅमेरा. तो म्हणाला, "रागिणी, तुह्या घरचं काम म्हणजे झेंडू. काळ्यापांढऱ्यात झेंडू काय दिसन?" बोलला चिडवायला, पण रागिणीच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं.

रोलचा कॅमेरा तिच्याकडं नव्हता. बाईंनी स्वतःचा काढून दिला. जुना, जड, कडेचं चामडं झिजलेलं. "याचं झाकण कुठी हरवलं देव जाणे. रुमालात गुंडाळून ने. आणि पाह्य, पाडला तर मले तोंड दाखवू नको." एवढं बोलून बाईंनी तो तिच्या हातात दिला, पण सोडताना क्षणभर धरून ठेवला. ते रागिणीला कळलं.

दसऱ्याच्या तोंडावर ती बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला आणि तिथून एसटीनं गावी गेली. वावरात झेंडू असा फुलला होता की पाहणाऱ्याचे डोळे दिपावे. बाप, किशोर, फुलांच्या गाडीच्या खटपटीत. आई, मैनाबाई, कमरेला फुलं खुडून टाकायचा ओटा बांधून सरीत.

मैनाबाई म्हणजे कामाला वाघीण आणि फोटोला ससा. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा एका फोटोत तिचं तोंड सरळ नाही. कुठं पदर आडवा, कुठं मान खाली. तिचं म्हणणं ठाम होतं: "मी काळी, फोटो त्याहून काळा. कायले उगीच?" मागं एकदा रागिणीनं मोबाइलवर तिचा फोटो काढला, तर मोबाइलनं आपणहून तिला पिठासारखी पांढरी आणि गुळगुळीत करून टाकलं. मैनाबाईनं तो हातात घेऊन निरखून पाहिला. "कोण व हे?" असं विचारून तिनं मोबाइल परत दिला आणि निंदायला निघून गेली.

खंडेनवमीला त्या घरी अवजारांची पूजा. पहाटेच मैनाबाईनं विळे, खुरपी, तराजू, फवाऱ्याचा पंप, किशोरची मोटारसायकल, सगळं धुऊन पुसून ओसरीवर रांगेत मांडलं. मग तिची नजर खुंटीवरच्या रुमालाकडं गेली. पोरीचं काम त्या मशीनवर, तर तीही रांगेत पाहिजे. तिनं कॅमेरा काढला, पाटावर सगळ्यात पुढं मानानं ठेवला. आता याला टिळा लावायचा कुठं? तिनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मधोमध ती गोल चकचकीत काच, तेच याचं कपाळ असणार. तिनं निरांजनाच्या तेलानं तेलकट झालेल्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. पूजा झाल्यावर, पोरीला कामाला घाई असेल म्हणून, पदरानं नीट पुसूनही ठेवलं. रागिणी तेव्हा मागच्या दारी न्हात होती.

दिवसभर रागिणीनं फोटो काढले. सरीत वाकलेल्या बाया, ढिगावर ओतली जाणारी फुलं, दोरा ओवणारी बोटं. डोळ्याला लावल्यावर सगळं जरासं धुरकट वाटत होतं. तिला वाटलं, सकाळचं धुकं असेल. मग वाटलं, जुन्या कॅमेऱ्याचं असंच असेल. डिजिटल असता तर पहिल्याच फोटोला बोंब कळली असती. रोलवाल्यानं मनात ठेवलं.

अमरावतीला परत येऊन रोल बाईंच्या देखरेखीखाली धुतला. सुकला, कागदावर घेतला, ट्रेमध्ये बुडवला. फोटो आला, पण कसा? सगळा राखाडी. चुना सांडावा तसा पांढुरका थर सगळ्यावर, आणि त्यात झेंडू म्हणजे शेणाचे पो थापून ठेवल्यासारखे. दुसरा केला, तसाच. तिसराही तसाच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी कॅमेरा उचलला, बाहेर खिडकीशी नेला, भिंगावर आडवा उजेड पाडला. काचेच्या कडेला, धातूच्या खोबणीत, पिवळी-तांबडी रेघ. बाईंनी नखानं खरवडली आणि वास घेतला.

"हळद!"

स्वप्निल फसकन हसला. "रागिणी, तू कॅमेऱ्याची भाजी केली का व?"

सगळा क्लास खिदळला. रागिणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काय झालं असेल ते तिला क्षणात उमगलं. ती जिन्यात गेली, घरी फोन लावला.

"आई, तू त्या कॅमेऱ्याले हळदकुंकू लावलं काय?"

"हाव, लावलं ना!" मैनाबाईचा आवाज फुलला. "साऱ्याच्या पुढं ठेवला होता, मानाचा!"

"काचेले लावलं, आई! साऱ्या फोटोची माती झाली! तुले काय समजते त्यातलं? काहून हात लावला मंग? माह्यं वाटोळं केलं तू!"

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "बरं," एवढंच. फोन बंद झाला.

रागिणी वळली तर जिन्याच्या वरच्या पायरीवर सत्यवतीबाई उभ्या. आता बाई फाडून खाणार, असंच तिला वाटलं. बाईंनी खाल्लंच, पण कॅमेऱ्यासाठी नाही.

"लाज नाही वाटत? आईशी असं बोलतं?"

"मॅडम, तुमचा कॅमेरा…"

"खड्ड्यात गेला कॅमेरा! काच पुसता येते!" बाई तिथंच पायरीवर बसल्या. त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला. बोलल्या तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. "याच्यावर मी घर चालवलं, रागिणी. दोन पोरं शिकवली. लग्नंमुंजी, शाळांचे ग्रुप, सारं याच्यावर. दरसाल खंडेनवमीले सासरी पूजा व्हायची. नवऱ्याच्या स्कूटरची झाली, सासऱ्याच्या कुलपाकिल्ल्यांची झाली, दिराच्या पान्या-पकडीची झाली. हा कपाटावर. बाईच्या हातातलं मशीन म्हणजे हौस, त्याची कसली पूजा? आणि मीबी कधी म्हटलं नाही, याले खाली घ्या म्हणून." त्यांनी ती पिवळी रेघ अंगठ्यानं हलकेच पुसली. "इतक्या वर्षांत पयल्यांदा याले हळद लागली. तुह्या आईनं लावली. आणि तू तिले बोलली."

रागिणी ओक्साबोक्शी रडली. बाईंनी तिला रडू दिलं. मग उठल्या, नाक ओढलं आणि नेहमीचा आवाज पुन्हा चढवला. "चाल आत! तुह्या आईचं काय चुकलं आणि काय बरोबर होतं, ते दाखवतो."

आत जाऊन त्यांनी कपाटातून एक चपटी डबी काढली. डबीत पिवळीधमक गोल काच. सगळ्या पोरांना जवळ बोलावून त्यांनी ती खिडकीसमोर धरली. "हे भिंगावर बसवायचं. काळ्यापांढऱ्या रोलले पिवळं आणि केशरी मंग उजळ दिसते, आभाळ जरा गडद होते. आमी फोटोवाले पैसे देऊन काचेले हळद लावतो, कळलं काय रे? मैनाबाईनं फुकट लावली. फक्त सारखी लागली नाही." स्वप्निलकडं वळून म्हणाल्या, "हस आता."

स्वप्निल हसला नाही. पण कुरकुरला, "मॅडम, रोल एकच म्हणाले होते तुमी."

"तुलेबी दुसरा देतो. साऱ्यायले देतो. पण घरी जाऊन आधी आईले विचार, तुह्या कॅमेऱ्याले कधी तिनं फूल वाहिलं काय."

दिवाळीच्या झेंडूसाठी रागिणी पुन्हा गावी गेली. मैनाबाई नेहमीसारखीच बोलली, जेवू घातलं, मावशीची चौकशी केली. पण रागिणीनं पिशवीतून कॅमेरा काढला की ती उठून दुसरीकडं जायची. जाताना हात पदरात लपवायची. "माहे हात हळदीचे, मातीचे. लांबच बरी मी," म्हणायची, आणि त्यात टोमणा नव्हता. तेच रागिणीला जास्त लागलं. आईनं खरंच मानून घेतलं होतं की आपला हात वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी रागिणीनं आधी क्लासच्या डिजिटलवर वावरातला उजेड ताडून पाहिला. ऊन कुठून येतं, फुलांवर किती पडतं, सावलीत काय उरतं, सगळं पडद्यावर पाहून पक्कं केलं. मग रोलच्या कॅमेऱ्यावर पिवळी काच बसवली. काच थोडा उजेड खाते म्हणून भिंग एक घर जास्त उघडलं. बाईंनी शिकवलेलं सगळं बोटांना आपोआप आठवत होतं. आणि मग ती घरात गेली, देवघरातून हळदकुंकवाची कोयरी घेतली आणि फुलांच्या ढिगाशी बसलेल्या आईसमोर जाऊन उकिडवी बसली.

"आई, चुकलं माह्यं. लय चुकलं."

"जाऊ दे ना व. मले कुठी समजते…"

"समजून घे मंग. इकडं पाह्य." तिनं कॅमेरा आईच्या मांडीवर ठेवला. मैनाबाईनं विंचू पडल्यासारखे हात वर घेतले. रागिणीनं तिचं बोट धरलं आणि वरच्या उंचवट्यावर टेकवलं. "हे याचं कपाळ. आणि खाली ही काच, हा याचा डोळा. तू डोळ्यात हळद घातली, माय, म्हणून त्याले दिसेना!"

मैनाबाईला हसू फुटलं. आधी बारीक, मग खदखदून, पदर तोंडाला लावून. "अगं माय माय! डोळ्यात घातली व मी! कसा चुरचुरला असंन बिचारा!"

दोघी पोट धरून हसल्या. मग मैनाबाईनं डोळे पुसले, हात ओट्याला पुसून कोरडा केला आणि अगदी जपून, बरोबर कपाळावर, आधी हळद आणि मग कुंकू लावलं.

रागिणी कॅमेरा उचलून चार पावलं मागं सरली. आईच्या मागं झेंडूचा ढीग, त्यावर तिरपं ऊन.

"मंग मी कुठी पाहू?" मैनाबाईनं विचारलं.

हा प्रश्न तिनं आयुष्यात कोणत्याही फोटोवाल्याला विचारला नव्हता. सगळे नुसतं "इकडं पहा" म्हणायचे, आणि त्या काळ्या डब्यात नेमकं कुठं, हे तिला कळायचं नाही. म्हणून ती खाली पाहायची.

"डोळ्यात पाह्य, आई."

मैनाबाईनं पाहिलं. सरळ, न लाजता, जुनी ओळख असल्यासारखं. रागिणीनं कोपर पोटाशी घेतलं आणि बटण दाबलं.

फोटो करायच्या दिवशी ती आईला सोबत घेऊनच अमरावतीला आली. बाईंचा तसा हुकूमच होता. मैनाबाई झेंडूचा भला मोठा हार घेऊन माडी चढली, बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग तिघी अंधाऱ्या खोलीत गेल्या. तांबड्या दिव्याखाली मैनाबाई भिंतीला टेकून, पदर सावरून उभी.

रागिणीनं कागदावर उजेड पाडला, कागद ट्रेमध्ये सोडला, ट्रे हलवू लागली. कोरा. कोरा. मग त्या कोऱ्यातून दोन डोळे आले. मग केस, भुवया, गालाच्या रेघा, हनुवटीवरचं गोंदण. मैनाबाईचा काळा, कष्टाचा, हसरा चेहरा सगळ्याच्या आधी कागदावर येऊन उभा राहिला. झेंडू अजून यायचा होता. तो मागून आला, हळूहळू, उजळ, एकेक फूल वेगळं, दिवे लावल्यासारखा.

मैनाबाई भिंत सोडून कधी पुढं आली तिलाच कळलं नाही. "मी आधी आली?" ती पुटपुटली. "फुलाच्याबी आधी?"

"काळं असते ते पयले येते, आई," रागिणी म्हणाली.

मैनाबाई ट्रेवर वाकली. "हे मीच हाव," ती म्हणाली. "बरोबर मीच हाव."

बाईंनी फोटो चिमट्यानं उचलला, दुसऱ्या पाण्यात टाकला, तिसऱ्यात टाकला, तांबड्या दिव्याशी धरला. बाकीच्यांचे फोटो बाहेर दोरीवर वाळत होते. स्वप्निलचाही होता, त्याची आई दुकानात कापडाचा तागा उलगडताना, आणि तो चांगलाच होता. बाईंनी ते सगळे सकाळीच पाहिले होते. त्यांनी खुंटीवरचा आपला जुना, औषधाच्या डागांचा एप्रन काढला आणि रागिणीच्या गळ्यात अडकवला. "दिवाळी झाली की रोज सकाळी लवकर ये. औषध कालवायचं शिकवतो. उशिरा आली तर जिन्यातूनच परत धाडीन."

रागिणीनं वाकून बाईंच्या पायांना हात लावला, मग आईच्या.

मैनाबाईचं मात्र आता दुसरीकडंच लक्ष होतं. टेबलावरच्या त्या उंच, मानेसारखा दांडा असलेल्या, वरून कागदावर उजेड पाडणाऱ्या मशीनला ती चारी बाजूंनी निरखत होती. निरखता निरखता तिनं पदराची गाठ सोडली. आत कागदाची बारकी पुडी होती, हळदकुंकवाची.

"बाई," ती सत्यवतीबाईंना म्हणाली, "यंदा याची पूजा राहिली असंन ना? मले आधी सांगा. याचं कपाळ कोणतं?"

सत्यवतीबाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, तो लगेच काढून पदरानं पुसला, आणि मैनाबाईचं बोट हातात धरून जागा दाखवली.